काडेपेटीतले किडे

द्वारकाबाईंनी काडेपेटी उघडली, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आत चादरीचे धागे आणि कोरड्या कातडीचे पापुद्रे होते. किडा एकही नव्हता.

डायलिसिस सुरू झाल्यापासून त्यांच्या हातांना खाज सुटायची, कातडीखाली किडे वळवळायचे. खाजवून काढलेले किडे त्या पुरावा म्हणून या काडेपेटीत जपून ठेवायच्या. मुलगा वैतागून म्हणायचा, भास आहेत. सून मात्र रोज दुपारी त्यांचा हात मांडीवर घ्यायची, किडा टिपायची आणि ऊ मारावी तसा दोन नखांत चिरडायची. “गेला बघा, आई.” डॉक्टरांची नवी गोळीही तिनेच खाजेची म्हणून महिनाभर दिली, किडनीमुळे अर्धीच. तिच्या शब्दावर त्यांनी ती निमूट घेतली.

आज सून हात धरायला आली, तेव्हा त्यांनी काडेपेटी पुढे केली. “ती गोळी डोक्याची होती?”

“हो,” सून म्हणाली. “खरं सांगितलं असतं, तर तुम्ही घेतली नसती. आता बरं वाटतंय ना?”

“या घरात तूच एक माझी, असं सगळ्यांना सांगत होते मी.” त्यांनी हात पदराखाली ओढून घेतला. “किडे नव्हतेच, तर रोज काय चिरडत होतीस गं?”