शुक्रवारची दुबई

"बाबा, त्याला सुट्टी मिळत नाहीये." तृप्तीने कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं वाचून दाखवलं, पण वडिलांकडे बघायचं टाळलं.

शेजारच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेल्या खंडेरावांनी नुसतं "हं" केलं. तृप्तीचं लग्न तोंडावर आलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि नवऱ्या मुलाचा कान पिळायला सख्खा भाऊच येणार नव्हता. चुलत भाऊ होते की, कुणीही हौसेने उभा राहिला असता. पण तृप्तीने घरात सांगून टाकलं होतं, कान पिळेल तर राजूच, नाहीतर कुणीच नाही.

नाशिक रोडला निसारभाईंच्या सायबर कॅफेत हे बाप-लेक दर शुक्रवारी यायचे. दुबईत तेव्हा शुक्रवारची सुट्टी असे, आणि राजू दुबईत होता.

काय दिवस होते ते! प्लायवूडची खुराडी, प्रत्येकाला एक मळका पडदा, आणि आत पोरं चॅटरूममध्ये घुसलेली. तिथे नमस्कार-चमत्कार नसायचे. आधी वय, मग मुलगा की मुलगी, मग गाव. या तिन्ही प्रश्नांची खरी उत्तरं देणारा अगदीच बावळट. जेल रोडचा पोरगा तिथे लंडनला राहायचा, देवळालीची मुलगी वांद्र्याची व्हायची. खुद्द तृप्ती कॉलेजात असताना काही महिने एअर होस्टेस होती. या थापांनी कुणाचं काही बिघडत नव्हतं, कारण समोरचाही थापाच मारत असायचा. आणि तरी दोघं तासभर मनापासून बोलायची. आता सगळ्यांचे फोटो, नावं, पत्ते डोळ्यांसमोर असतात आणि बोलायला कुणी नसतं.

खंडेरावांना यातलं काही कळत नव्हतं. त्यांना राजूच्या नावापुढचा तो गोल चेहरा तेवढा कळायचा. पिवळा असला की पोरगा जागेवर आहे, करडा झाला की उठून गेला. मुलाशी ते स्वतः कधी बोलत नसत. खंडेराव नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये होते; राजूने तिथल्या नोकरीची परीक्षा द्यायला नकार दिला, मला दुबईला जायचंय म्हणाला, तेव्हा सगळ्या पाहुण्यांदेखत त्यांनी त्याला सुनावलं होतं, "मग दुबई बघूनच ये. तोवर तोंड दाखवू नकोस." पोरगा खरंच निघून गेला. काही महिन्यांनी तृप्तीला त्याचा ईमेल आला, दुबईत एका गोदामात काम मिळालंय म्हणून. तेव्हापासून खंडेराव तिच्या शेजारी बसून हळूच सांगायचे, विचार त्याला, जेवायला काय मिळतं. राजू सविस्तर लिहायचा. तिथला उकाडा, तिथले खजूर, सगळं. चेहरा मात्र कधी दिसला नाही. कंपनीत कॅमेऱ्याला बंदी होती म्हणे. घरी गेल्यावर राजूची आई वत्सलाबाई लेकीकडून ते सगळं परत परत वदवून घ्यायच्या.

"परत विचार," खंडेराव म्हणाले.

तृप्तीने इंग्रजी अक्षरांत मराठी बडवलं. उत्तर आलं की सीझन आहे, विमानाची तिकिटंच शिल्लक नाहीत, खूप प्रयत्न केला गं. तृप्तीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात लाइट गेली. भारनियमनाचेच दिवस होते. पंखा थांबला, खुराड्यांतून वैतागलेले आवाज आले. पण यांचा कॉम्प्युटर चालूच राहिला. निसारभाईंनी त्याच आठवड्यात इन्व्हर्टर बसवला होता, दोन कॉम्प्युटरपुरता का होईना. काका, तुम्ही निवांत बसा, असं त्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं.

राजूचा चेहरा मात्र करडा झाला. नेट गेलं असेल त्याचं, तृप्ती म्हणाली.

थोड्या वेळाने लाइट आली. पंखा फिरू लागला, बंद पडलेले कॉम्प्युटर एकेक करून सुरू झाले, आणि मग राजूही पिवळा झाला. साहेब आले होते, बंद करावं लागलं, त्याने लिहिलं. तृप्ती उत्तर लिहीत होती तोच लाइट पुन्हा गेली. पिवळा चेहरा पुन्हा करडा.

खंडेरावांनी वर पंख्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग पुन्हा पंख्याकडे. इतके दिवस लाइट गेली की यांचाच कॉम्प्युटर बंद पडायचा, त्यामुळे तिकडे त्या वेळी काय होतं हे कधी दिसलंच नव्हतं.

तृप्तीच्याही ते लक्षात आलं. वडिलांचा स्वभाव तिला माहीत होता. आता ते ताडकन उठतील आणि घरात राजूचं नावही घेऊ देणार नाहीत, याची तिला खात्री होती. घरी जाऊ या का, तिने घाबरत विचारलं.

"थांब," ते म्हणाले.

दोघं अंधारात बसून राहिली. लाइट आली. थोड्या वेळाने राजूही आला. सॉरी, परत साहेब, त्याने लिहिलं.

खंडेरावांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. प्रेसमध्ये जन्म गेलेला असल्याने इंग्रजी अक्षरं ओळखीची होती, पण इथे ती वेड्यावाकड्या क्रमाने बसली होती. एका बोटाने त्यांनी एकेक अक्षर हुडकलं. तृप्ती मदतीला वाकली तर तिचा हात बाजूला केला. चष्मा काढून डोळे पुसले, तो परत लावला, आणि मुलाला पहिल्यांदाच स्वतः लिहिलं:

"लग्नाला ये. विमान नाही मिळालं, तर रिक्षाने ये."