डांबर लागायच्या आत

"नोरीन, म्हणजे बघ, व्हॅन तुझी आहे आणि गाडी माझी आहे," मर्व म्हणाला. पुढचं वाक्य रस्त्याने गिळलं.

रस्ता कसला, न संपणारा पन्हळी पत्राच. मागे जोडलेली व्हॅन, म्हणजे नोरीनचं चाकांवरचं घर, डांबरी रस्त्यासाठी जन्मलेली. समुद्रकिनारी जावं, सावलीत उभं राहावं, एवढीच बिचारीची हौस. ती या वाळवंटात टिकावी म्हणून मर्वने टायरांतली हवा कमी केली होती, कपाटांची दारं दोरीने बांधली होती आणि गाडी इतकी सावकाश हाकत होता की एखादा एमू कंटाळून पुढे निघून गेला असता. तरी जिथे थांबावं तिथे एखादा स्क्रू गळालेला सापडायचाच.

पण आज मर्वला स्क्रूंची फिकीर नव्हती. संध्याकाळी डांबर लागणार होतं. डांबर सुरू होतं तिथल्या खाणावळीत नोरीनचा मुलगा कॉलिन वाट बघत होता. तो व्हॅन आपल्या गाडीला जोडणार, आईला कायमची त्याच्या गावी नेणार आणि मर्व एकटाच परत फिरणार. दोघंही साठीपुढची, दोघंही एकटी, कित्येक वर्षांची शेजारी. एकटेपणाची सवय होते म्हणे. म्हणायला लोकांचं काय जातं.

याआधी त्याने दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा तिने तोंड उघडायच्या आत स्वतःच घाबरून "गंमत केली गं" म्हणून मोकळा झाला होता.

"काय म्हणत होतास?" नोरीनने मोठ्याने विचारलं.

"म्हणत होतो, ओढायला गाडी नसली तर व्हॅन जागची हलत नाही. आणि ओढायला काही नसलं तर गाडीने जायचं तरी कशाला?" मर्वने स्टिअरिंग घट्ट धरलं. "लग्न करशील माझ्याशी?"

मागे धडाम झालं. व्हॅनचं दार सताड उघडलं होतं आणि पातेली, ताटल्या, डबे एकामागून एक उड्या मारत लाल धुळीत लोळत होते.

"अरे थांबव, माझी किटली!"

दोघांनी वाकून वाकून सगळं गोळा केलं. दार दोरीने बांधलं. पुन्हा निघाल्यावर नोरीन खिडकीबाहेर बघत बसली, ती बसलीच. मर्व काय समजायचं ते समजला. आताही गंमत केली म्हणावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तर घशात धूळ गेली आणि नुसता खोकलाच आला.

खाणावळीचं दार ढकललं तर आत चिडीचूप. ट्रकवाले, गुराखी, मालकीण ग्लेनिस, कोपऱ्यात कॉलिन. कुणाचा घास हलत नव्हता. सगळ्यांचे डोळे नोरीनवर.

"मावशी, पुढे काय झालं?" एका दाढीवाल्या ट्रकवाल्याने विचारलं.

"कशाच्या पुढे?"

"यांनी लग्नाचं विचारलं, मग धडाम. मग तुमची किटली. मग नुसती इंजिनाची घरघर. दुपारपासून जीव टांगणीला लागलाय आमचा."

"माझी भाजी करपली," ग्लेनिस म्हणाली.

मर्व गाडीकडे धावला. दोन सीटांच्या मधे, वाटेतल्या ट्रकवाल्यांशी बोलायच्या रेडिओचा माइक पडला होता आणि त्याचं बोलायचं बटण दाबून वर नोरीनचा थर्मास. म्हणजे गाडीत बोललेला शब्द न् शब्द त्या रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकमध्ये आणि या खाणावळीतल्या रेडिओवर ऐकू गेला होता. तो परत आत आला तेव्हा त्याचे कान धुळीपेक्षा लाल झाले होते.

"आई," कॉलिन उठून म्हणाला, "व्हॅन सोडवून घेऊ, की राहू दे यांच्याच गाडीला?"

नोरीनने टोपी काढली, झटकली, सावकाश टेबलावर ठेवली.

"राहू दे."

मग काय विचारता. काट्याचमच्यांनी टेबलं बडवली गेली, बाहेर कुणीतरी ट्रकचा भोंगा धरून ठेवला, ग्लेनिसने करपलेली भाजीसुद्धा हसत हसत वाढली. त्या गोंगाटात मर्व नोरीनच्या कानाशी वाकला.

"माफ कर गं. तो थर्मास माझ्याच धांदलीने तिथे पडला असणार."

"तुझ्या कशाला? मीच ठेवला, नीट बटण बघून," नोरीन म्हणाली. "म्हटलं, या खेपेला तुला शब्द फिरवता येऊ नये."