घरची दुरुस्ती

बायकोला नोकरी लागली आणि त्याच आठवड्यात तिची सायकल पंक्चर झाली. नवऱ्याने अख्खी सायकल खोलून ठेवली.

"अहो, दुकानात देते ना. अर्ध्या तासाचं काम."

"घरात मी मेलोय का? करतो म्हटलं ना!"

रविवारामागून रविवार गेले. ती रोज पायी पळत कारखाना गाठायची, रोज उशीर व्हायचा. शेवटी सुपरवायझरने तोंडावर सांगितलं, "उद्या उशीर झाला तर येऊच नका, बाई."

घरी येऊन तिने बाह्या वर सारल्या. पंक्चर काढलं, चाकं बसवली, चेन चढवली. हात कोपरापर्यंत काळे. गल्लीत चक्कर मारली, तर सायकल कुरकूर न करता सुसाट पळाली.

ती परतली तेव्हा नवरा पाना घेऊन दारात उभा होता.

"उतर खाली. अजून दुरुस्त झाली नाहीये ती."