शेरा पुसण्याबाबत अर्ज

पडद्यावर बरोबरच्या (=) चिन्हांची एक लांब ओळ उमटली आणि नेमगोंडा आण्णा खुर्चीत ताठ झाले.

“मथळा लिहायचा आणि त्याच्या खाली अशी ओळ मारायची,” प्रशिक्षण द्यायला आलेली रुचिता सांगत होती. “शब्द ठळक हवा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन स्टार. बास. फॉन्टची मारामारी नको, काही नको. साधं नोटपॅड पुरे. याला मार्कडाउन म्हणतात.”

तिनं बटण दाबलं. डावीकडं तिनं टाइप केलेलं, चिन्हांनी भरलेलं. उजवीकडं त्याचंच देखणं पान, मथळा मोठा, शब्द ठळक. आता संस्थेची सगळी इतिवृत्तं, परिपत्रकं अशीच लिहायची होती. एकच फाइल वेबसाइटवर जाणार, मोबाइलवर जाणार, छापायलाही तीच.

दूध संस्थेच्या वरच्या हॉलमध्ये बसलेले वीस-बावीस कर्मचारी वह्यांत भराभर उतरवून घेऊ लागले. पहिल्या रांगेत व्यवस्थापक विश्वजित साहेब अशी मान डोलवत होते, की ही पद्धत जणू त्यांच्याच घरी जन्माला आली.

आण्णांनी वही उघडलीच नाही. कुरुंदवाडच्या टायपिंग क्लासात ते हेच शिकले होते. यंत्रावर अक्षर मोठं करता येत नाही, म्हणून मथळ्याखाली बरोबरची ओळ आणि महत्त्वाच्या शब्दाला दोन्हीकडून दोन-दोन स्टार. पुढं संगणक आला, पण बोटांची सवय गेली नाही. संस्थेची इतिवृत्तं त्यांनी वर्षानुवर्षं तशीच टाइप केली. मग विश्वजित साहेब आले. त्यांनी एक कागद वर धरून साऱ्या ऑफिससमोर विचारलं होतं, “आण्णा, ह्याच्यावर मुंग्या सोडल्यात काय?” लोक पोट धरून हसले होते. आणि सेवापुस्तकात साहेबांनी लाल शाईनं शेरा मारला होता: ‘काम गबाळे. कागदांत निरर्थक चिन्हे.’

हेड क्लार्कची खुर्ची त्या शेऱ्यापायी गेली. तेही आण्णांनी गिळलं. पण एकतीस तारखेला ते निवृत्त होणार होते, आणि पस्तीस वर्षांच्या नोकरीच्या शेवटच्या पानावर ‘गबाळे’ राहणार, हे काही केल्या गिळता येईना. शेरा पुसावा म्हणून त्यांनी तीन अर्ज दिले होते. तिन्ही वेळा उत्तर एकच, “बघू.”

“कुणाकडं नोटपॅडमधली एखादी फाइल आहे का?” रुचितानं विचारलं. “कसलीही चालेल. तुमच्याच कागदावर करून दाखवते.”

सगळ्यांच्या फायली वर्डमधल्या. कुणी हललं नाही. आण्णांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यात त्यांचा चौथा अर्ज होता.

शेजारी बसलेल्या स्वप्नालीनं त्यांची बाही धरली. ती आण्णांच्याच हाताखाली टायपिंग शिकलेली. “आण्णा, कशाला? बसा की गप.”

“लई वर्षं बसलोय,” आण्णा म्हणाले आणि पुढं गेले.

रुचितानं फाइल उघडली, मजकूर उचलून डावीकडं ठेवला. उजवीकडं झर्रकन पान उभं राहिलं. वर मोठ्या अक्षरांत मथळा: ‘सेवापुस्तकातील शेरा पुसण्याबाबत अर्ज’. खाली मजकूर: ‘व्यवस्थापक मा. विश्वजित घोरपडे यांनी माझ्या कामास गबाळे ठरविणारा जो शेरा लिहिला, तो निवृत्तीपूर्वी पुसून टाकावा, ही विनंती.’ साहेबांचं नाव ठळक. ‘गबाळे’ ठळक. ‘पुसून टाकावा’ ठळक.

“काका, एकसुद्धा चिन्ह चुकलं नाही!” रुचिता खरोखरच खूष झाली. “कुठं शिकलात?”

“शिकलो तवा तुमचा जनम बी नव्हता, बाळ.”

हॉलमध्ये हशा पिकला, टाळ्या पडल्या. हेच लोक मुंग्यांच्या थट्टेवरही असेच हसले होते. आण्णांनी तिकडं बघितलं नाही. ते साहेबांकडं बघत होते.

विश्वजित साहेब उठले. पडद्याजवळ गेले. चष्मा वर केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा अर्ज साहेबांच्या डोळ्यांसमोर एवढा मोठा होऊन उभा होता.

“आमचं नाव कसलं उठून दिसतंय की!” साहेब म्हणाले. “स्वप्नाली, फोटो काढा ह्येचा. ग्रुपवर टाका.”

स्वप्नालीनं मोबाइल धरला. फोटो काढता काढता तिनं वाचलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. तिनं एकदा आण्णांकडं बघितलं. तिला नोकरीत कायम करण्याचा कागद साहेबांच्याच टेबलावर पडून होता. तिनं फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि मान खाली घातली.

“सायेब, मजकूर बी वाचा की,” आण्णा मोठ्यानं म्हणाले.

टाळ्या थांबल्या. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हात मायेचाच वाटला असता, बघणाऱ्याला.

“मजकुराचं नंतर बघू, आण्णा. आज फॉरमॅट शिकायचा दिवस हाय.”

आण्णा तिथंच उभे राहिले. रुचितानं घड्याळ बघितलं. तिला अजून तक्ते शिकवायचे होते, आणि त्यासाठी पान कोरं हवं होतं.

“सर, हे पुसू का?”

“पुसा की,” विश्वजित साहेब म्हणाले. “त्यात काय विचारायचं?”