दत्ताराम मास्तरांच्या चाली

"पडदे झाले, पेटी झाली. आता ही वही," असे म्हणत लिलाव पुकारायला महाडहून आलेल्या सहदेवशेठांनी दत्ताराम मास्तरांच्या चालींचे हस्तलिखित टेबलावर ठेवले.

नाटक मंडळी मोडली होती. तिचे सामान आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, गावाच्या खळ्यावर, लिलावात निघाले होते. मास्तरांनी मंडळीसाठी बांधलेली प्रत्येक चाल त्या वहीत होती. स्वर काळ्या शाईने, ताल तांबड्या. मास्तर माघात वारले. वही मंडळीकडेच राहिली.

त्यांचा मुलगा हैबती चिंचेखाली एकटा उभा होता. त्याच्या सावलीलाही कुणी शिवत नव्हते. शिमग्यात देवीची पालखी दारी आली असता त्याने दार लावून घेतले होते. एवढा भिडस्त मुलगा, बापाच्या दुःखाने भ्रमला, असे लोक हळहळले. पण गावकीने त्याला वाळीत टाकले. गावकीचा प्रमुख महिपती याने स्वतःच, जुन्या रीतीप्रमाणे, हुकूम सुनावला होता: हैबतीच्या शब्दावर जो शब्द काढील, तोही वाळीत.

आज महिपती सर्वांत पुढे बसला होता. हैबतीशी बोलायचे नाही, म्हणून तो शेजारी बसलेल्या भिकूशीच, त्याला ऐकू जाईल असे, मोठ्याने बोलत होता.

"भिक्या, वही आपलीच. मुंबईच्या मंडळात चाली माझ्या नावानं गायच्या."

"आन् मास्तरांचं नाव?"

"मेलेला येतोय काय सांगायला? नि जित्याला तर तोंडच नाय!"

लोक हसले. हैबतीने मान खाली घातली. वही गेली, की वडिलांच्या सुरांवरून त्यांचे नावही पुसले जाणार होते.

"हं, बोला मंडळी—" शेठांनी पुकारले.

"एक रुपया," हैबती म्हणाला.

"एक रुपया! पुढं कोण?"

महिपतीने तोंड उघडले. भिकूने त्याचा सदरा ओढला.

"दादा, गप! त्याच्यावर बोली म्हंजे त्याच्या शब्दावर शब्द."

महिपतीने मागे वळून पाहिले. सारा गाव त्याच्याच तोंडाकडे पाहत होता. ते तोंड सावकाश मिटले.

"अहो, पडद्यांसाठी तर भांडत होतात! घसे बसले काय?" शेठ चकित झाले. "एकवार... दोनवार... तीनवार!"

सांजेला वही मांडीवर घेऊन हैबती ओट्यावर बसला. कित्येक दिवसांनी त्याच्या छातीतला श्वास मोकळा झाला होता. आई, राहीबाई, तांबड्या अक्षरांवरून बोट फिरवीत होती.

"गावकीचा दंड भरू, देवीच्या पाया पडू. समदं नीट होईल," ती म्हणाली. मग तिने मान वर केली. "पन मी जरा पाण्याला गेले, नि पालखीपुढं दार लावायची दुर्बुद्धी तुला कशी रे झाली?"

हैबतीने वही हलकेच मिटली.

"आये, लिलावाची दवंडी त्याच सकाळी ऐकली होती मी."