आधीचं आणि नंतरचं

“बाई, तुम्ही एकट्या का राहता?”

प्रश्न तिचा नव्हता. मागच्या बाकावरच्या दोघींनी पैज लावली होती, आणि पैजेला ती नाही म्हणत नसे. वर्गात सगळ्यांत उंच झाल्यापासून तर तिच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं होतं.

चर्चमागच्या खोलीत दर रविवारी बायबलचा वर्ग भरायचा. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“एकटं वाक्य उचललं की ते खोटं बोलतं,” त्या म्हणाल्या. “माणसाचंही तसंच. कुठलंही वचन घ्या, आधी विचारा. कोण बोलतंय? कोणाशी? त्याआधी काय झालं, नंतर काय झालं? मग अर्थ लावा. आपल्याला हवा तो अर्थ वचनाच्या तोंडात कोंबायचा नाही.”

“म्हणजे सांगणार नाहीत,” मागून कुजबुज आली.

तिला मात्र त्या प्रश्नांचं वेडच लागलं. शाळेच्या फळ्यावर ‘मुलींनी मैदानावर येऊ नये’ दिसलं तेव्हा सगळ्याजणी पदर खोचून भांडायला निघाल्या. तिने शिपाईकाकांना गाठून आधीचं विचारलं. आदल्या दिवशी मुलांनाही तीच तंबी मिळाली होती. मैदानाचा नुसता चिखल झाला होता.

“बघा! आधीचं वाचत जा!” ती नाचली. चर्चमधल्या पाळकांसारखं प्रवचन देते म्हणून मैत्रिणींनी तिचं नाव ‘पाळकीणबाई’ ठेवून टाकलं.

वर्गाला आई तिला कोपऱ्यापर्यंत सोडायची. आत कधी यायची नाही. “मला बघून बाईंना उगाच उठावं लागेल,” म्हणायची. खिडकीत बाई दिसेपर्यंत मात्र हलायची नाही.

पुढच्या रविवारी बाईंनी प्रत्येकीला एक वचन दिलं, रंगीत कागदातून अक्षरं कापायला. खणात एक कात्री होती, ती कोणालाच चालत नसे. कागद कापायच्या ऐवजी चावायची. तिने डाव्या हातात धरली आणि कात्री सरसर धावली. घरात डावखुरी ती एकटीच. आईच्या कात्रीशी तिचं जन्माचं वैर.

“तुझ्यासारखीच उलट्या खोपडीची आहे,” मैत्रीण म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. तिचा हात बघत राहिल्या.

तिच्या वाट्याला वचन आलं होतं, ‘तू जाशील तिथे मी येईन.’

“हे आमच्या घरी आहे!” ती ओरडली. “आईने भरतकाम करून चौकटीत लावलंय. कोपऱ्यात मान मागे वळवलेला निळा पक्षी. बाबांना लग्नात म्हटलं असणार. कसलं फिल्मी ना?”

“कोण बोलतंय, कोणाशी, ते बघितलंस?”

तिने पान उघडलं. नवरीने नवऱ्याला म्हटलेलंच नव्हतं! एक तरुण विधवा सासूशी बोलत होती. सासूचा मुलगा गेलेला. सासू सांगत होती, परत जा, नवं घर कर. आणि सून काही केल्या तिचा हात सोडत नव्हती.

घरी पोचताच तिने बातमी फोडली. “आई, तुझं वचन चुकलं! ते सासूला म्हटलंय!”

भाजी चिरता चिरता सुरी थांबली. “हो का?” आई म्हणाली. “मला भरायला सोपं वाटलं.”

“राहू दे ते तिथेच,” बाबा पेपराआडून म्हणाले. “आणि तू विषय बदलू नकोस. विज्ञान की कला? शाळेला कळवायचंय.”

तिला वाटलं होतं, दोघं हसतील. तसंही त्या घरात हसायला माणसं कमीच होती. भावंडं नाहीत. आज्या दोन्ही तिच्या जन्माआधीच गेलेल्या, असं तिला सांगितलेलं. मैत्रिणी आपापल्या आज्यांच्या कुरकुरींची नक्कल करायच्या, तेव्हा ती मुकाट्याने डबा खायची.

मग कळलं, वर्ग बंद होणार. बाईंना आता जिने झेपत नव्हते. रविवारी संध्याकाळच्या गाडीने त्या दुसऱ्या गावी, वृद्धाश्रमात चालल्या होत्या.

शनिवारी ती वर्गाच्या वरच्या मजल्यावर, बाईंच्या खोलीत आवराआवरीला गेली. एक कॉट, एक खुर्ची, एकच कप. उशीच्या अभ्र्याची घडी घालताना तिचा हात थांबला. कोपऱ्यात निळा पक्षी होता. मान मागे वळवलेला.

“हा कोणी काढलाय?”

“सुनेनं.”

“कुठे असते ती?”

“सुखात आहे. माझा मुलगा गेला तेव्हा तिचं वय लहान होतं. मीच म्हटलं, जा.”

“आणि गेली? गोष्टीतली सून तर ऐकत नाही.”

“हीसुद्धा ऐकत नव्हती,” बाई म्हणाल्या. “मीच दार लावून घेतलं.”

त्यांनी तिच्या हातातून अभ्रा काढून घेतला आणि त्या जागी वर्गातली ती कात्री ठेवली.

“ही ने तू. माझ्या मुलाची होती. मला आता डावखुरं कोण भेटणार? आणि नीघ. आई कोपऱ्यावर उभी असेल.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“मी खिडकीत उगाच उभी राहते होय?”

परतताना ती कात्री मुठीत धरून आईच्या एक पाऊल मागे चालली. एरवी तिच्या बडबडीने रस्ता पुरत नसे.

जेवणं झाल्यावर तिने भिंतीवरची चौकट उतरवली, टेबलावर ठेवली. शेजारी कात्री ठेवली.

“आई, बाबा, माझं ठरलंय.”

“शाबास!” बाबा सावरून बसले. “विज्ञान ना?”

“माझ्या खोलीत दुसरी कॉट लागेल,” ती म्हणाली. “आजी कुठल्याही आश्रमात जाणार नाही. उद्या सकाळी आपण तिघं जाऊन तिला घेऊन येतोय.”

कुठली आजी, असं दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.