नांदूरघाटच्या पथकाची पेटी

पत्र्याची पेटी दोघा हमालांनी मंचावर आणली, तेव्हा सुंदररावांनी आधी टेबलावरची मखमल सावरली. गंज लागला असता. त्यांनी बोटानेच पेटी खाली ठेवायची खूण केली.

पेटीमागून जमीलचाचा आले. सीताफळांचे आडते, ऐंशी पार केलेले, डोक्यावर पांढरी टोपी आणि गळ्यात विटका स्काऊटचा स्कार्फ. नांदूरघाटच्या पहिल्या स्काऊट पथकातले तेवढे एकटेच आता उरले होते. त्या पथकाचा झेंडा, लिंबागणेशच्या शिबिराचे फोटो, बिल्ले, शिट्ट्या, जुनी कागदपत्रं, सगळं त्यांनी आपल्या आडतीवर या पेटीत जपून ठेवलं होतं. सुंदररावांच्या मते जपलं नव्हतं, अडवून ठेवलं होतं. इतिहासाला नासक्या फळांचा वास लावणारा माणूस, अशी त्यांनी कालच समितीत चाचांची टवाळी केली होती आणि समिती नेहमीप्रमाणे हसली होती.

पण पेटीवाचून अडलं होतं. सभागृहाशेजारच्या खोलीवर ‘कै. बिभीषणराव स्मृती स्काऊट दालन’ अशी पितळी पाटी चकाकत होती. बिभीषणराव म्हणजे सुंदररावांचे वडील. जिल्ह्यातलं पहिलं पथक त्यांनीच उभं केलं, असं सुंदरराव वर्षभर सांगत होते. त्याआधी का सांगत नव्हते, तर त्याआधी ते अध्यक्ष नव्हते. पतसंस्थेच्या निवडणुकीत आपटले, बाजार समितीने दारात उभं केलं नाही, तेव्हा कुणीतरी जिल्हा स्काऊट समितीचं अध्यक्षपद त्यांच्या गळ्यात घातलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणाऱ्याला तेवढं पुष्कळ झालं. दालन झालं, काचेची कपाटं आली, कपाटांत दिवे लागले. ठेवायला मात्र आत काडी नव्हती. आज उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना रिकाम्या काचा दाखवायची वेळ येणार होती.

जमीलचाचांनी पेटी नाकारली नव्हती. त्यांची एकच अट होती, पेटी स्काऊटच्या हातात देईन. ते ऐकून सुंदरराव पोट धरून हसले होते. म्हातारं चळलं म्हणाले. जिल्ह्यातल्या झाडून साऱ्या स्काऊटांवर आपण अध्यक्ष, शिवाय लहानपणी वडिलांच्याच पथकात आपण स्काऊट होतो, असा निरोप त्यांनी धाडला. मग चाचांनीही येतो म्हटलं, देतो म्हटलं.

सुंदररावांना या चळवळीतलं काहीच डोक्यात घालून घ्यावंसं वाटत नसे. शिट्ट्या, गाठी आणि शेकोटीची गाणी, हा पोरखेळ. मंचावर चढण्याआधी त्यांनी स्कार्फ मफलरसारखा गुंडाळला होता. तो उज्ज्वला मॅडमनी सोडून नीट घातला. या मॅडम शाळेत शिक्षिका आणि मुलींच्या पथकाच्या कॅप्टन. स्मरणिका त्यांनी लिहिली, सूत्रसंचालनही त्याच करत होत्या. सुंदरराव त्याला कारकुनी म्हणत. स्मरणिकेतलं अध्यक्षांचं मनोगतही त्यांनी मॅडमवरच सोपवलं होतं. माझ्या नावानं तुम्हीच खरडा म्हणाले, आणि मॅडमनी लिहून आणल्यावर न वाचताच खाली सही ठोकली.

जमीलचाचा समोर येऊन ताठ उभे राहिले. सभागृहात गणवेशातली मुलं-मुली खच्चून भरली होती, तीही सावरून बसली. चाचांनी पेटीची किल्ली उजव्या हातात घेतली आणि डावा हात सुंदररावांपुढे केला.

सुंदररावांच्या कपाळावर आठी चढली. भरल्या सभेत डावा हात! जन्मभर बाजारात राहून या माणसाला एवढी रीत कळू नये, याची त्यांना किळसच आली. त्यांनी तो हात बाजूला सारला आणि माईकजवळ वाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “चाचा, डावा न्हाई, उजवा द्या. शुभकार्य हाय. येवढं बी कुणी शिकीवलं न्हाई का तुमाला?”

मुलांमध्ये खसखस पिकली. म्हाताऱ्याची बरी जिरली, असं वाटून सुंदररावही हसले.

चाचा हसले नाहीत. त्यांनी सुंदररावांकडे नखापासून शेंडीपर्यंत एकदा पाहिलं, जशी आडतीवर आलेली फळांची पाटी बघावी. मग किल्ली खिशात टाकली. “स्काऊटच्या हातात देनार म्हनलं होतं मी,” ते शांतपणे म्हणाले आणि हमालांना पेटी उचलायला लावली.

पेटी मधल्या वाटेने निघाली. दोन्हीकडची मुलं उठून उभी राहिली. वाट करून देतायत, सुंदररावांना वाटलं. अशा आडमुठ्या लोकांमुळेच जिल्हा मागे राहिला, असं त्यांनी पाहुण्यांच्या कानात सांगितलं. कपाटं पुढच्या महिन्यात भरू, काहीही आणून भरू. आता सभा हातातून जाता कामा नये. त्यांनी उज्ज्वला मॅडमना कार्यक्रम पुढे न्यायला सांगितलं. पुढे अध्यक्षांचं मनोगत होतं.

मॅडमनी स्मरणिका उघडली, पान पाहिलं आणि त्या थबकल्या. “वाचू का, साहेब?” त्यांनी हळूच विचारलं.

“इचारता काय, वाचा. आन मोठ्यानं वाचा, मागं ऐकू गेलं पायजे.”

चाचा दारापाशी पोचले होते. मॅडमनी माईक जवळ घेतला.

“‘माझे वडील कै. बिभीषणराव यांनी स्काऊटिंगमधली पहिली गोष्ट मला शिकवली ती ही, की एक स्काऊट दुसऱ्या स्काऊटला हात देतो, तो नेहमी डावा.’”